पुडीवर नाव, हातात बिल

आईला महिन्याला १,५४० रुपये पेन्शन मिळतं. वडील सहकारी साखर कारखान्यात होते. त्यांच्या पश्चात ईपीएस-९५ या भविष्य निधीच्या पेन्शन योजनेखाली जे विधवा निवृत्तिवेतन सुरू झालं, ते हे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिचे दोन्ही गुडघे धरले आणि पुढच्या आठ महिन्यांत त्या गुडघ्यांच्या आयुर्वेदिक उपचारांवर आमचे ३३,६५० रुपये गेले. जानुबस्तीच्या, म्हणजे गुडघ्यावर कोमट तेल धरण्याच्या, २१ बैठका, एकेक ६५० रुपयांची. पुड्या आणि काढा मिळून महिन्याला २,२००. दर महिन्याच्या भेटीची फी ३००. एसटीचं भाडं यात धरलेलं नाही. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ते फारसं जाणवलंही नाही. बावीस महिन्यांचं पेन्शन आठ महिन्यांत संपलं, आणि या सगळ्या पैशांचा एकही कागद आमच्या घरात नाही.

हा आकडा कळला तोही केवळ योगायोगाने. आईचा खर्च मी आणि धाकटा भाऊ निम्मानिम्मा उचलतो, म्हणून दिलेला पैसा फोनवर लिहून ठेवायची सवय आहे. हिशेबाला बसलो, बेरीज केली आणि दोघेही गप्प झालो. तोवर दोघांची ठाम समजूत होती की ऑपरेशनचा डोंगर टाळून आपण स्वस्तातली वाट धरली आहे.

आयुर्वेद, होमिओपॅथी, निसर्गोपचार यांवर लोक पदरचा पैसा घालतात तो परवडतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. जिथे विचारला जातो तिथे उत्तर ठरलेलं असतं: विमा द्या. मला हे उत्तर चुकीच्या जागी दिलेलं वाटतं. पैसा जातो तो दवाखान्याच्या बाकावर, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर, खाटेवर नव्हे. म्हणून सुरुवातही बाकापासूनच व्हायला हवी. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव, घेतलेल्या प्रत्येक रुपयाचं बिल, आणि हे किती दिवस करायचं याचा लेखी शब्द. एवढं झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही योजनेचा उपयोग आईसारख्या माणसाला होणार नाही.

आई तिकडे का गेली, हे आधी सांगायला हवं. कारण अशा वेळी सुशिक्षित माणसं पटकन म्हणतात की लोक भाबडे असतात, जाहिरातीला भुलतात. आई भाबडी नाही. तिने आधी सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. तीन तास रांग आणि दोन मिनिटांची तपासणी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, झीज झाली आहे म्हणाले, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि पुढेमागे सांधा बदलावा लागेल असं सांगितलं. गोळ्यांनी पित्त उसळलं, रात्रीची झोप गेली. मग शेजारच्या काकूंनी पंचकर्म केंद्राचं नाव सांगितलं. तिथल्या वैद्यांनी आईशी पाऊण तास बोलणं केलं. जेवण कसं, झोप कशी, पाय कुठल्या वेळी जास्त दुखतो, जिने किती चढावे लागतात, वडील कधी गेले. उडदाच्या पिठाचं आळं गुडघ्याभोवती लावून त्यात कोमट तेल धरलं. आठवड्याभराने आई म्हणाली, "बरं वाटतंय. निदान कुणी हात लावून बघितलं."

तिने पैसे मोजले ते या पाऊण तासाचे, या हाताचे. ते खोटं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ती मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेली, हेही खरं. तो गुण तेलाचा होता, शेकाचा होता, विश्रांतीचा होता की दुखणं आपोआप थोडं खाली बसायची वेळ आली होती, हे मी सांगू शकत नाही. दोन महिन्यांनी दुखणं परत आलं. तेव्हा केंद्रातून सांगण्यात आलं की अजून एक आवर्तन करावं लागेल, आणि पुड्या तर वर्षभर लागतील.

आईने त्या पुड्यांत काय आहे ते विचारलं. औषध देणारी मुलगी म्हणाली, "ते आमचं कॉम्बिनेशन आहे." संपलं. त्यापुढे विचारायची सोय नाही.

खर्चाचं सगळं गणित याच वाक्याशी येऊन अडतं. तुम्ही काय खाताय हे माहीत नसेल, तर ते बाहेर केवढ्याला मिळतं हे कसं कळणार? योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ, महारास्नादि काढा, अश्वगंधा चूर्ण ही ग्रंथोक्त औषधं आहेत, कुणा एकाच्या मालकीची नाहीत. अनेक कंपन्या ती बनवतात, आणि दुकानात एकाच नावाच्या दोन डब्या शेजारी ठेवल्या तर किमतीतला फरक डोळ्यांना दिसतो. पण हेच औषध वाटून, मिसळून कागदाच्या पुडीत आलं की त्याची तुलना थांबते. साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटलीवर नुसता क्रमांक लिहून देणाऱ्या होमिओपॅथीच्या दवाखान्यातही हेच होतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं तर काय दाखवायचं? कागद नाही, नाव नाही. माणूस त्याच दाराशी बांधला जातो.

कायद्यातच याला जागा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, मात्र स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्य-हकिमांना त्यातून सूट दिली आहे. ही सूट मला गैर वाटत नाही. रुग्ण पाहून औषध घडवणं हा त्या शास्त्राचा गाभा आहे, आणि प्रत्येक वैद्याला कारखानदाराचे नियम लावले तर खेड्यातला प्रामाणिक वैद्य आधी मरेल. पण बनवायची सूट म्हणजे लपवायची सूट, असा अर्थ व्यवहारात झाला आहे. खानावळीला ताटात काय वाढलं ते सांगायला अडचण येत नाही. मग महिनोन्महिने पोटात जाणाऱ्या औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहायला अडचण का यावी? यात पैशापलीकडचीही गोष्ट आहे. पुड्यांमधून लपवून दिलेलं स्टेरॉइड डॉक्टरांना वेळोवेळी रुग्णांमध्ये सापडत आलं आहे, आणि पाऱ्याशिशाच्या भेसळीच्या तक्रारी तर परदेशापर्यंत गेल्या. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू निघाले होते. नाव लिहिलेलं असेल तर निदान तपासता येतं.

आता किमतीकडे येऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमती बांधल्या. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्यापूर्वी सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता. त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधल्या होत्या. म्हणजे सरकारला जेव्हा करायचं असतं तेव्हा ते एका आदेशाने करता येतं. पण औषधांच्या किमतींवर लगाम ठेवणारा २०१३ चा जो आदेश आहे, त्यातल्या औषधाच्या व्याख्येतूनच आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीची औषधं वगळलेली आहेत. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीला कमाल किंमत आहे. जी औषधं यादीत नाहीत त्यांचीही किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. गुडघ्याच्या तेलाला मात्र असलं काही बंधन नाही. आईच्या शरीरात बसवायच्या धातूच्या सांध्याची किंमत सरकार ठरवतं, आणि त्याच सांध्यावर चोळायच्या तेलाची किंमत ज्याला वाटेल तो ठरवतो.

याला वैद्यमंडळींकडे उत्तर आहे आणि ते ऐकून घेण्याजोगं आहे. गुग्गुळाचं झाड जंगलातून नाहीसं होत चाललं आहे. चांगलं तूप, चांगलं तिळाचं तेल महाग झालं. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं, तेव्हा सुवर्णभस्म असलेली मात्रा जुन्या भावात कोण देणार? पंचकर्मासाठी शिकलेली माणसं लागतात, जागा लागते, गरम पाण्याची सोय लागते; एका बैठकीत एकच रुग्ण होतो. खासगी महाविद्यालयात साडेपाच वर्षं घालवून बी.ए.एम.एस. झालेल्या तरुणीवर कर्ज असतं. हे सगळं मला मान्य आहे. ६५० रुपयांची बैठक कदाचित योग्य किमतीचीच असेल. माझा आग्रह एवढाच आहे की ती योग्य आहे हे मला समजावं. दर भिंतीवर लावलेला असावा, बैठका किती होतील ते आधी सांगितलेलं असावं, आणि दिलेल्या पैशांची पावती मिळावी. २०२५-२६ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एका बैठकीला दोन दिवसांची मजुरी जात असेल, तर एकवीस बैठकांपूर्वी माणसाला बेचाळीस दिवसांचा विचार करायची संधी मिळायला हवी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. औषधाला गुण आला नाही की दोष कुणाचा? ऑपरेशन फसलं तर माणूस सर्जनला जाब विचारतो. इथे आईने स्वतःलाच विचारला. "संक्रांतीला गुळाची पोळी खाल्ली, तिथेच पथ्य मोडलं असणार." वांगं खाल्लं, दही खाल्लं, दुपारी झोपले, गार पाण्यात हात घातले. पथ्य ही आयुर्वेदातली खरोखर शहाणी कल्पना आहे. माझ्या आजीने अर्ध्या आयुष्याची दुखणी पथ्यावर काढली. पण जिथे पैशाचा व्यवहार आहे तिथे पथ्याचा एक वेगळाच उपयोग होऊन बसतो. उपचार कधीच हरत नाहीत, हरतो तो रुग्ण. उपचार हरत नसतील तर ते थांबवायचे कधी? पुढची पुडी, पुढचं आवर्तन, पुढचा महिना. पॅकेज घेणाऱ्या दवाखान्यांत तर सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतात, हप्त्यांची सोयही करून देतात. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि बिल नसल्यामुळे ग्राहक आयोगात जायची वाटही अवघड होते. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. मात्र फी घेतली हे आधी दाखवावं लागतं.

आता विम्याबद्दल. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने सर्व कंपन्यांना आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, होमिओपॅथी वगैरे) उपचार इतर उपचारांच्या बरोबरीने, पूर्ण विमा रकमेपर्यंत देण्याचं बंधन घातलं. वर्तमानपत्रांत याचं मोठं स्वागत झालं. तत्त्व म्हणून मलाही ते पटतं. एकाला विमा आणि दुसऱ्याला नाही, हा भेद रुग्णावर अन्याय करणारा होता. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते किमान २४ तास दाखल झालेल्या रुग्णाला, आणि तेही ठरावीक निकषांत बसणाऱ्या रुग्णालयात. त्या निकषांत किमान पाच खाटा आणि चोवीस तास वैद्य हवा. आमच्या तालुक्यातलं केंद्र म्हणजे बाजारपेठेतल्या इमारतीचा दुसरा मजला. पुड्यांचे २,२०० आणि भेटीचे ३०० तर कुठल्याच साध्या पॉलिसीत बसत नाहीत. शिवाय अडुसष्टाव्या वर्षी, गुडघेदुखी आधीपासून असताना, आईला नवी पॉलिसी कोण आणि केवढ्याला देणार? राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण तिचं काम दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांपुरतं. तिथेही बाकावरच्या रुग्णाला जागा नाही.

या बदलाचा उलटा परिणाम मला दिसू लागला आहे. मध्यंतरी मी केंद्रात फोन करून विचारलं की पुढच्या आवर्तनाचं बिल मिळेल का. पलीकडून प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का तुमचा?" नाही म्हटल्यावर, "मग बिल कशाला?" आणि ओळखीच्या एका नोकरदार गृहस्थांना, ज्यांचा कंपनीचा विमा आहे, कंबरदुखीसाठी दहा दिवस दाखल व्हायला सुचवलं गेलं. तेच उपचार त्यांनी वर्षभरापूर्वी ऑफिसला जाता-येता घेतले होते. विमा खाटेला पैसे देतो म्हणून माणूस खाटेवर जातो. खर्च वाढतो, कंपन्या हप्ता वाढवतात, आणि ज्याच्याकडे विमा नाही त्याच्यासाठीही दर वर सरकतात. अ‍ॅलोपॅथीच्या रुग्णालयांत आपण हे सगळं पाहिलं आहे. तीच वाट आयुर्वेदाला दाखवणं हा त्याचा सन्मान कसा होईल?

कुणी म्हणेल, एवढा खर्च सगळ्यांचा होत नाही. खरं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात आयुषची स्वतंत्र पाहणी केली. आदल्या वर्षभरात ग्रामीण भागातल्या सुमारे ४६ टक्के आणि शहरातल्या ५३ टक्के लोकांनी आयुषचा काही ना काही उपयोग केला होता. दरडोई वार्षिक खर्च सरासरी निघाला गावात ४७२ आणि शहरात ५७४ रुपये. हा आकडा पाहून स्वस्ताईचा निष्कर्ष काढला जातो. पण या मापात घरच्या काढ्यापासून च्यवनप्राशाच्या बाटलीपर्यंत सगळं येतं. सर्दीला तुळस-आलं उकळून पिणारे लाखो आणि संधिवातासाठी वर्षभर पुड्या घेणारी एक बाई यांची सरासरी काढली, की ती बाई अदृश्य होते. परवडण्याचा प्रश्न तिचा आहे. दुखणं जुनाट, वय झालेलं, उत्पन्न जवळजवळ नाही, आणि मुलांकडे मागायचा संकोच. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असं सरकारी आरोग्य लेखे सांगतात. हे चांगलंच झालं. मात्र बिलाशिवाय दिलेला पैसा असल्या लेख्यांत किती उतरतो, अशी शंका मला आमचाच हिशेब पाहून येते.

दुसऱ्या बाजूने विज्ञाननिष्ठ मित्रांचा आक्षेप येतो. जे सिद्ध नाही त्याची उठाठेव सरकारने का करावी? फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून होमिओपॅथीच्या औषधांची सरकारी विम्यातून मिळणारी भरपाई बंद केली. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये सोळा नैसर्गिक उपचारपद्धतींना खासगी विम्यातून वगळलं. उलट स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली दोन तृतीयांश मतदारांनी पूरक उपचारांच्या बाजूने कौल दिला. सार्वजनिक पैसा गुण तपासून द्यावा, हे मला मान्य आहे. होमिओपॅथीच्या बाबतीत तो पुरावा उभा राहिलेला नाही, असंच माझं वाचन सांगतं. पण त्या देशांत भरपाई थांबली तरी रुग्णाला दुसरीकडे डॉक्टरचा वेळ आणि व्यायामोपचार मिळतात. इथे बाकावरच्या रुग्णाला मुळात कुणी भरपाई देतच नाही. आपल्याकडे सरकार या पद्धतींची महाविद्यालयं चालवतं, पदव्या देतं, नोंदणी करतं, २०१४ पासून त्यांच्यासाठी वेगळं मंत्रालय आहे. मुंबई इलाख्यात देशी वैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९३८ चा आहे. इतकी वर्षं दारावर सरकारी पाटी लावून दिल्यावर, आत काय भावाने विकलं जातं त्याच्याशी आमचा संबंध नाही, असं म्हणता येणार नाही.

आणि गुण तपासणं अशक्य नाही, ते आपल्याच पुण्यात झालेलं आहे. सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल यांसारख्या वनस्पतींची औषधं एका बाजूला, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि सांध्यांसाठी दिलं जाणारं ग्लुकोसामाइन दुसऱ्या बाजूला; कुणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नाही. २४ आठवड्यांनंतर आयुर्वेदिक औषधं बरोबरीची ठरली. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतला एक आकडा वाढलेला आढळला, आणि तोही त्यांनी झाकला नाही. ग्लुकोसामाइन स्वतःच फार प्रभावी नसल्याचं अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं, त्यामुळे त्याच्याशी बरोबरी म्हणजे काय, हा वादही रास्त आहे. तरीसुद्धा असं काम मला श्रद्धेच्या दहा भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. सुंठ आणि गुळवेल! गुळवेल तर आमच्या बांधावर कडुनिंबावर चढलेली आहे. असल्या औषधाची नावानिशी, मात्रेनिशी चिठ्ठी मिळाली तर महिन्याचा खर्च कुठल्या कुठे येईल.

याचा अर्थ आयुर्वेद मुळातच महाग आहे असा नाही. तो महाग झाला तो जागा बदलल्यामुळे. आमच्या गावातले बी.ए.एम.एस. डॉक्टर आयुर्वेद करतच नाहीत. राज्यात त्यांना आधुनिक औषधं वापरायची मुभा आहे, आणि तापाच्या माणसाला इंजेक्शन हवं असतं, म्हणून ते इंजेक्शन देतात. रात्री दोनला दार उघडणारा तोच एक डॉक्टर आहे, त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण त्यामुळे गरिबाच्या दारातला आयुर्वेद गेला आणि तो शहरात एसीच्या खोलीत शिरोधारेच्या पॅकेजमध्ये जाऊन बसला. निसर्गोपचाराचं तर फारच वाईट वाटतं. गांधीजींनी आधी पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या आरोग्यकेंद्रात गरिबांसाठी निसर्गोपचार चालवायचा बेत केला होता. मग त्यांच्या ध्यानात आलं की गरीब माणूस उपचारासाठी शहरात येणार नाही, उपचारानेच त्याच्याकडे जायला हवं. बेत सोडून १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळी कांचनला गेले. माती, पाणी, ऊन, साधा आहार, म्हणजे जे खेड्यात फुकट आहे तेच औषध. आज त्याच मातीच्या लेपाचे दर रिसॉर्टच्या पत्रकांत वाचले की उरुळी कांचनची आठवण येते.

सरकारकडे जागा आहेत. वरळी, नागपूर, नांदेड, धाराशिवला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, आणि तिथे गेलेल्या माणसाला फार कमी पैशांत पंचकर्म मिळतं. जिल्हा परिषदांचे आयुर्वेदिक दवाखाने आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून आयुर्वेदाची औषधं मिळतात. मग जे केंद्र सरकारच्या निवृत्त कारकुनाला मिळतं ते कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेला का मिळू नये? विम्याच्या हप्त्यावर जो सार्वजनिक पैसा जाईल त्याचा लहानसा हिस्सा या दवाखान्यांच्या औषधसाठ्यावर घातला, नेहमीच्या पन्नास-साठ ग्रंथोक्त औषधांना कमाल किंमत लावली आणि औषध देणाऱ्याला नाव लिहिणं सक्तीचं केलं, तर आईसारख्यांचा निम्मा प्रश्न हलका होईल, असं मला वाटतं. यातलं नाव लिहायचं काम तर पैशाशिवाय होण्यासारखं आहे.

मागच्या महिन्यात मी आईला एका जिल्हा परिषदेच्या आयुर्वेदिक दवाखान्यात नेलं. जुनी कौलारू इमारत, बाहेर दोन बाकं, गर्दी नाही. तिथल्या डॉक्टर बाईंनी वीसेक मिनिटं दिली. गुडघा वाकवून, दाबून बघितला. मांडीच्या स्नायूंचे चार व्यायाम स्वतः खुर्चीवर बसून करून दाखवले. मग चिठ्ठी लिहिली, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात: सिंहनाद गुग्गुळ, महारास्नादि काढा, बाहेरून लावायला तेल, प्रत्येकाची मात्रा. खाली लिहिलं, सहा आठवडे. मी विचारलं, नंतर? त्या म्हणाल्या, "फरक पडला नाही तर बंद करू. उगाच खात राहायचं नाही. मग हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवू."

औषधं त्यांच्याकडे शिल्लक नव्हती. बाजारातून घेतली, महिन्याचे ६४० रुपये झाले, पक्की पावती मिळाली. आई व्यायाम करते, कधी कंटाळते. दुखणं थोडं कमी आहे म्हणते, पण मला खूश करायला म्हणते की खरंच, ते अजून कळत नाही. सहा आठवडे पुरे व्हायला बारा दिवस आहेत. चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे, आणि शेजारच्या काकू परवा ती वाचून आपल्या फोनमध्ये तिचा फोटो काढून घेऊन गेल्या. त्यांना सांगितलं, औषधं आईची आहेत, ती घेऊ नका. त्या म्हणाल्या, "औषधं नकोत गं, असं लिहून देतात का ते विचारायचंय मला माझ्या डॉक्टरांना."